कोंडीतलं लाकूड

माझा स्वभाव संशयी. हे मी कबुली म्हणून सांगत नाही, ओळख म्हणून सांगते. पावसला माझ्या वडिलांची आंब्याची बाग होती, आणि मोसमात राखणीच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, आम्ही भावंडं पाळीपाळीने बसत असू. कलमाखाली पाचोळा वाजला तर तो जनावराचा की माणसाचा, हे मी आठव्या वर्षी ओळखत होते. लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा हा गुण बरोबर आला. मासेवालीने टोपली उतरवली की आधी तिच्या तोंडाकडे बघायचं आणि मग माशाच्या कल्ल्याकडे, अशी माझी रीत. सासूबाई असत्या तर त्यांनी मला सरळ केलं असतं, पण त्या माझ्या यजमानांच्या लहानपणीच गेलेल्या. घरात आम्ही दोघंच. संशय घ्यायला माणसं कमी पडत.

यजमान शाळेत शास्त्र शिकवीत. पुढे मी त्यांना 'हे' म्हणेन, तोंडाला तीच सवय आहे. एकोणीसशे तिसाच्या पुढची दोनचार वर्षं असतील. हे मुंबईला गेले असताना कुणा श्रीमंताच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत जिवंत मासे पाहून आले, आणि ते त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. लोहाराकडून चौकट करवून घेतली, खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्याकडून चारी बाजूंनी काचा लावून घेतल्या, सांधे लांबीच्या लगद्याने बुजवले. मग शहराबाहेरच्या पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, बोटाएवढे रुपेरी मासे कळशीतून आणून त्यात सोडले.

पहिले चार मासे दोन दिवसांत गेले. मी म्हटलं, "पाण्याला लांबीतल्या तेलाचा वास येतोय." ह्यांनी पंधरा दिवस पेटी रोज भरली आणि रोज ओतली. वास गेला, आणि पुढचे मासे जगले. तेव्हापासून पेटीच्या बाबतीत घरात माझा शब्द चालायला लागला. तिथेच सगळं बिघडलं.

पेटीत काय घालायचं यावर माझी करडी नजर असे. वाळू नदीची, भाट्याच्या किनाऱ्यावरची नाही, कारण तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा. जांभ्या दगडाचा एक तुकडा ह्यांनी हौसेने ठेवला, तर पाणी तांबूस झालं. तो मी काढायला लावला. नारळाची करवंटी मात्र मी दिली. आतलं खोबरं खरवडून, तीनदा उकळून, उन्हात खडखडीत वाळवून. मासे तिच्याखाली लपत. शेजारणी दुपारच्या बघायला येत आणि एकजण हमखास विचारी, "पाळलेत की साठवलेत? कालवणाला कधी काढणार?" मी हसत असे, पण त्या गेल्यावर मासे मोजून घेत असे. अकरा होते.

सगळं ठीक होतं, पण पेटी दिसायला ओकीबोकी. वाळू, करवंटी आणि थोडं पाणगवत. मला तिच्यात काहीतरी देखणं हवं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही ह्यांच्या गावी गेलो. गाव आत, डोंगराच्या कुशीत. मोटारीतून उतरल्यावर दोन कोस चालायचं. तिथे ह्यांची आत्या असे. ह्यांची आई गेल्यावर आत्याबाईंनीच ह्यांना सात-आठ वर्षांचे होईपर्यंत वाढवलं, आणि मग शिकायला म्हणून रत्नागिरीला पाठवलं. आता त्या स्वतः विधवा, मूल ना बाळ, दिरांच्या घरात राहायच्या. म्हणजे घरात नव्हे, गोठ्याच्या माळ्यावर. गुरांची वैरण एका बाजूला, आत्याबाईंची वळकटी दुसऱ्या बाजूला. हे ते बघून दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आत्या, तू आमच्याकडे चल. कायमची."

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, पण विचारलं नाही हे माझ्या मनात राहिलं.

निघायच्या आदल्या सकाळी मी एकटीच पऱ्यावर गेले होते. उन्हाळ्यात तिकडचा पऱ्या तुटतो आणि पाणी मध्ये मध्ये खोल डोहांत साठून राहतं. अशा डोहाला ते कोंड म्हणतात. कोंडीच्या काठी एका सपाट कातळावर मला एक लाकूड मिळालं. हातभर लांब, मनगटापेक्षा जाड. एका बाजूची साल ठेचून ठेचून तिचे तंतू झालेले आणि ते झालरीसारखे लोंबत होते. पाण्यात धरलं तर झालर हलायला लागली, आणि माझ्या डोळ्यांसमोर आमची पेटी आली. नदीने इतकं धुतलेलं लाकूड आणखी काय धुवायचं, असा विचार करून मी ते लुगड्यात गुंडाळून बोचक्याच्या तळाशी ठेवलं. कुणाला दाखवलं नाही, कारण दाखवलं की कुणीतरी मागतं.

आम्ही रत्नागिरीला आलो त्या दिवशी घरात दोन नव्या गोष्टी शिरल्या. एक ते लाकूड आणि दुसऱ्या आत्याबाई.

लाकूड मी त्याच संध्याकाळी पेटीत ठेवलं. हे खूश झाले. म्हणाले, "आता खरा नदीचा तुकडा वाटतोय." चौथ्या दिवशी पहिला मासा पोट वर करून तरंगला. सहाव्या दिवशी आणखी दोन.

मी हिशेब मांडला. पाणी तेच, वाळू तीच, करवंटी तीच, दाणे म्हणून टाकायचा भाताचा कोंडा तोच. वर्षभर मासे मेले नाहीत आणि आता मरतात, तर घरात नवीन काय आलं? उत्तर माझ्यासमोर चुलीपाशी बसून तांदूळ निवडत होतं.

आत्याबाई मुळात कमी बोलायच्या. हे मला अजिबात आवडलं नाही. बोलणाऱ्या माणसाचा अंदाज येतो, गप्प माणसाचा येत नाही. त्या पहाटे सगळ्यांच्या आधी उठत आणि पेटीपुढे उभ्या राहून वाकून बघत. मी अंथरुणातून एक डोळा उघडा ठेवून बघत असे. एकदा त्यांनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. माशांच्या पाण्याची चव कोण घेतं? मला तर ते काहीतरी करणी केल्यासारखं वाटलं.

दोन दिवसांनी सकाळी लाकूड पेटीत नव्हतं. ते परसात, धुण्याच्या धोंडीपाशी पडलेलं. मी ते उचललं आणि परत पेटीत ठेवलं. आत्याबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "ता लाकूड बरा नाय गो बाय. कोंडीतला काय घरात आनू नये."

हे तेव्हा पायांत वहाणा घालत होते. त्यांना वाटलं, आत्या आसरांबद्दल बोलतेय. त्या गावच्या कोंडीत पाण्याच्या देवता राहतात आणि त्यांच्या वस्तूला हात लावला तर त्या घर धरतात, अशी तिकडे समजूत. हे शास्त्राचे मास्तर. हसून म्हणाले, "आत्या, आसरा एवढ्याशा पेटीत मावायच्या नाहीत गं." मीही हसले, जरा जास्तच. आत्याबाई हसल्या नाहीत. पदर सारखा करून परसात गेल्या.

त्यानंतर त्यांनी तोंडाने काही सांगितलं नाही. लाकूड मात्र आणखी दोनदा बाहेर गेलं आणि मी दोनदा आत ठेवलं. मी आणलेली वस्तू आहे म्हणून आत्याबाईंच्या डोळ्यांत खुपते, असं मी ठरवून टाकलं. ज्या दिवशी लाकूड बाहेर असे त्या दिवशी मासा मरत नसे. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. मी त्याचा अर्थ असा लावला, की लाकूड काढून माझ्यावर मात केली की बाईंचं त्या दिवसापुरतं समाधान होतं, मग त्या माशांना हात लावत नाहीत. संशयी माणसाची बुद्धी कमी नसते. ती भलत्या बाजूला पळते, एवढंच.

पुरावा हवा म्हणून मी चुलीतली राख चाळून पेटीपुढच्या जमिनीवर पातळ पसरली. सकाळी तिच्यात पावलं उमटलेली. परसदारातून पेटीपर्यंत आणि परत. आणि पेटीतलं पाणी कोऱ्या चहासारखं पिवळट झालेलं! मी हात घालून वाळू चाचपली, तर करवंटीखाली बदामाची सुकी पानं निघाली. आमच्या कुंपणापलीकडे देशी बदामाचं झाड होतं, त्याची तांबडी होऊन गळलेली पानं. मी ती सगळी ओढून काढली आणि पाणी बदललं. ह्यांना दाखवायला पानं ओट्यावर मांडून ठेवली. हे म्हणाले, "वाऱ्याने आली असतील." वारा करवंटी उचलून तिच्याखाली पानं ठेवतो, हे शास्त्र मी काही शिकले नव्हते.

अकराचे चार उरले.

आणि मग त्या आठवड्यात मासेवालीने आगीत तेल ओतलं. ती खाडीपलीकडची. तिने टोपली उतरवली, तिची नजर पेटीकडे गेली आणि विचारलं, "मासे कमी दिसतत?" मी सांगितलं, मरतायत. तिने तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि सहज बोलावं तशी म्हणाली, "आमी जाळ्यानं धरतो. वरच्या गावांतली माणसा झाडाची साल ठेचून पान्यात टाकतत, मासे आपसूक पोटा वर करतत. तुमच्या मालकांचा गाव तिकडचाच ना?"

"कसली साल?" मी विचारलं.

"मला काय ठाव? त्यांनाच इचारा."

मी कुणाला विचारलं नाही. विचारायचं काही उरलंच नव्हतं. मी किनाऱ्यावरची. आमच्याकडे मासा दर्यातून येतो, जाळ्यातून येतो. पाण्यात झाडपाला घालून मासे मारतात हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आणि ज्या गावात ही विद्या होती, त्या गावची बाई माझ्या घरात पहाटे उठून पेटीत पानं घालत होती. साल कशी दिसते, ती कुठे ठेचतात, ठेचल्यावर काय उरतं, यातला एकही प्रश्न माझ्या मनात आला नाही. मला उत्तर मिळालं होतं, मग प्रश्न कशाला?

संध्याकाळी हे शाळेतून आले तेव्हा मी चहा पुढे ठेवला आणि स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाण्यात साल घालून मासे मारायची विद्या कोणत्या गावची, ते मला आज कळलं."

आत्याबाई बाहेर आल्या. हात पिठाचे होते. म्हणाल्या, "आमच्या गावची. मला म्हाईत हाय. म्हनून तर..."

"ऐकलंत ना?" मी ह्यांना म्हटलं. "स्वतःच्या तोंडाने सांगतायत."

ते 'म्हनून तर' तिथेच तुटलं. आत्याबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. "आत्या, काय म्हणतेस ते पुरं सांग," एवढं जरी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण हे गप्प बसले. वर्षभर पेटीच्या बाबतीत माझंच खरं ठरलं होतं ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंचं बोचकं ओसरीवर होतं. त्यांनी भाकऱ्या करून ठेवल्या होत्या, पाणी भरून ठेवलं होतं. ह्यांनी "राहा" म्हटलं, पण ते म्हणण्यात जोर नव्हता, आणि त्यांना जोर कळत होता. कुठे जाणार हे तिघांनाही माहीत होतं. गोठ्याच्या माळ्यावर. हे त्यांना मोटारीपर्यंत पोचवून आले आणि त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, चार दिवसांनी बोलतील.

घर माझं एकटीचं झालं. जाण्याआधी आत्याबाईंनी पुन्हा परसात टाकलेलं लाकूड आणून मी पेटीत ठेवलं, पाणी ताजं भरलं. हे पऱ्यावरून नवे सहा मासे घेऊन आले. जुने चार आणि नवे सहा, दहा झाले. मी निर्धास्त झोपले. कितीतरी दिवसांत अशी झोपले नव्हते.

तीन दिवसांत दहाही मेले.

पेटीपुढे मी किती वेळ उभी होते कोण जाणे. राख पसरायची गरज नव्हती. घरात मी होते आणि हे होते. ह्यांचा संशय घेऊन पाहिला, तोही मी घेऊ शकते. पण हे तर पेटीकडे बघतसुद्धा नव्हते.

तरीही मी लाकडावर आले नाही. मला वाटलं, आत्याबाईंनी जाता जाता त्याला काहीतरी चोळलं असेल. ते धुऊन टाकू म्हणून मी लाकूड घमेल्यात घेतलं, पाणी ओतलं आणि काथ्याने घासायला लागले. आणि पाण्यावर फेस आला. आधी थोडा, मग घासू तसा वाढत वाढत घमेल्याच्या काठाला आला. रिठे चोळल्यावर येतो तसा पांढरा फेस. मी साबण घेतलाच नव्हता.

पाणी ओतलं. दुसरं घेतलं. पुन्हा फेस. तिसऱ्यांदाही फेस.

मग मला तो कोंडीकाठचा सपाट कातळ आठवला. त्याच्यावरचे ठेचल्याचे डाग आठवले. नदी काही साल ठेचत नाही. ती माणसांनी ठेचली होती, त्या डोहातले मासे मारायला, आणि उरलेलं लाकूड तिथे टाकून गेले होते. तेच मी लुगड्यात गुंडाळून, लपवून आणलं होतं. कुंभ्याच्या झाडाचं होतं, हे मागाहून कळलं. आत्याबाईंनी ते बघताक्षणी ओळखलं होतं. त्या पाण्याची चव घेत होत्या ती कडवटपणा किती उतरलाय ते बघायला, आणि बदामाची पानं घालत होत्या ती माशांना सावरायला. 'म्हनून तर' च्या पुढे काय होतं, ते मला घमेल्यापाशी बसून ऐकू आलं.

पेटी रिकामी करताना कोपऱ्यातल्या वाळूत एक बोटभर काटकी निघाली. तिला लुगड्याच्या काठाची चिंधी बांधलेली, चिंधीत एक खडा, काटकी तरंगू नये म्हणून. हिरव्या चिंधीवरून मी ओळखलं, ती त्यांच्याच लुगड्याची. मला रडू आलं. मी ते कुणापासून लपवलं नाही.

ह्यांना सांगणं मासे मेल्यापेक्षा कठीण गेलं. मी घमेलं त्यांच्यापुढे ठेवलं आणि त्यांच्यासमोर लाकूड घासून दाखवलं. हे फेसाकडे बघत म्हणाले, "मी शास्त्र शिकवतो." मग उठून कोट घातला.

पाऊस लागून आठवडे झाले होते, तरी मोटार चालू होती. मीही बरोबर गेले. चिखलातून दोन कोस चाललो. आत्याबाई गोठ्यात शेण काढत होत्या. मला बघून त्यांनी हात धुतले आणि पहिलं काय विचारलं, तर "ऱ्हायला काय गो एखादा मासा?"

मी म्हटलं, "नाही. सगळे मी मारले."

त्यांनी मान हलवली. "तू नाय, सालीनं. तुला ठाव नव्हता." एवढंच. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आमच्याबरोबर निघताना त्यांनी विहिरीवर जाऊन दोरीने एक लाकूड वर ओढलं. काळं पडलेलं, गुळगुळीत. विहिरीचं पाणी चांगलं राहावं म्हणून आमच्याकडे जांभळीचं लाकूड टाकतात, ते. चिंधी बांधलेली ती काटकीही त्याचीच होती. "धा वर्सा आमी ह्याचा पानी पितंय," त्या म्हणाल्या. "ज्याचा पानी तू पिशील, ताच माशाला घाल. बाकीचा नको." लाकडं, पानं, मुळं यांच्याबद्दल ह्यांच्या कपाटातल्या एकाही पुस्तकात मला इतकं साधं काही सापडलेलं नाही. ते लाकूड आमच्या पेटीत पुढे कितीतरी वर्षं राहिलं. त्याच्या सावलीत माशांच्या पिढ्या वाढल्या, बदामाची पानं अधूनमधून पडत राहिली, आणि पाणी चहासारखं झालं तरी कुणी राख पसरली नाही.

आत्याबाई आमच्याकडे कायमच्या राहिल्या. पण एक गोष्ट बदलली ती बदललीच. कशालाही हात लावायच्या आधी त्या मला हाक मारायच्या. दुधाचं पातेलं उतरवताना, लोणच्याच्या बरणीत पळी घालताना, पिण्याच्या पाण्याची कळशी भरताना. "बगून घे गो बाय, मी हात लावतंय." आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडले असते. त्यांना ती सवयच लागली होती, आणि ती मी लावलेली होती. मी कितीदा म्हटलं, "आत्याबाई, असं नका हो म्हणू." त्या बरं म्हणत आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा हाक येई. मी हातातलं काम टाकून जात असे आणि बघितल्यासारखं करत असे. तेवढीच शिक्षा मला झाली, पण रोज झाली.

शेवटच्या आजारपणात त्यांना दिसेनासं झालं होतं. एका दुपारी त्यांनी पाणी मागितलं. मी भांडं आणून त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "आत्याबाई, मी आहे हो. मी आणलंय पाणी."

त्यांनी ते लगेच तोंडाला लावलं आणि सगळं पिऊन टाकलं.